बाबांच्या बोटांना संधिवात आहे, माउथ ऑर्गनसाठी गळ्यातला होल्डर कोणता घ्यावा? (नागपूर)

चिटणीसपार्कची · १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथलं वाचत बरीच वर्षं आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझे बाबा ७१ वर्षांचे. कॉलेजात असल्यापासून माउथ ऑर्गन वाजवतात. कुणाकडे शिकले नाहीत. रेडिओवर गाणं ऐकायचं आणि मागच्या अंगणात बसून सूर शोधायचे, असं चालायचं. त्यांच्याकडे २४ भोकांची लांब पेटी आहे, आपल्याकडे बहुतेक घरांत असते तीच. सात वर्षांपूर्वी त्यांना आमवात निघाला, ऱ्हुमेटॉइड. औषधांनी बराच आटोक्यात आहे, पण दोन्ही मनगटं आणि बोटांची मुळं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत. पेटी धरून हात वर ठेवले की चार-पाच मिनिटांत बोटं आखडतात. मग पेटी खाली ठेवून म्हणतात, "आज मूड नाही." मूड असतो. मला कळतं.

गिटारवाले गळ्यात अडकवतात तो होल्डर त्यांना चालेल का, असं मनात आलं. बर्डीवर दोन ठिकाणी विचारलं. एकाकडे नव्हताच, दुसऱ्याकडे एकच, तोही पाकिटात बंद, उघडून दाखवायला तयार नव्हते. ऑनलाइन पाहिलं तर सगळ्या फोटोंत होल्डरखाली गिटार. हात दुखतात म्हणून होल्डर घेणाऱ्या माणसाबद्दल कुणीच लिहिलेलं नाही.

२४ ची पेटी त्यात बसते का? मानेवर भार येतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आई गेल्यापासून दुपारी बाबा घरी एकटे असतात, मी ऑफिसात. त्यांची वाजवायची वेळ दुपारचीच. मी नसताना त्यांना वाजवता आलं पाहिजे.


खामल्याचा_गिटारवाला · १२ एप्रिल, रात्री १०:२५

ताई, आधी बाबांना नमस्कार सांगा.

मी अकरा वर्षं होल्डर गळ्यात घालून गिटार वाजवतोय, एवढ्यात तीन होल्डर झाले. दुकानदार नेहमी चिमटा दाखवतो, म्हणजे पेटी बसते तो भाग. होल्डर दगा देतो तो मात्र सांध्यात. गळ्याभोवतीची कमान आणि चिमट्याच्या दांड्या जिथे जुळतात तिथे दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो आणि त्यावर दोन कानांचा विंग नट. वाजवताना ओठांचा जोर पेटीवर येतोच. सांधा कच्चा असला की पेटी हळूहळू हनुवटीकडे उतरते आणि आपण नकळत मान पुढे काढून तिच्यामागे जात राहतो. माझ्या पहिल्या होल्डरचे नट दर दोन गाण्यांनी आवळावे लागायचे. गाणं संपलं की मानेमागे ठणका.

बाबांची बोटं दुखतात म्हणता, तर त्यांना खरा त्रास विंग नटचाच होणार. म्हणून माझा पहिला प्रश्न हाच असेल की याचा नट रोज आवळणार कोण?

दुकानात तपासायचं असेल तर स्वतःची पेटी घेऊन जा. ती चिमट्यात बसवा, होल्डर गळ्यात घाला, हात मागे बांधा आणि ओठांनी पेटी चांगली दाबा. मग "नाही" म्हणताना हलवतो तशी मान हलवा. पेटी जागची हलली तर तो होल्डर घेऊ नका. उघडून दाखवत नसतील तर त्या दुकानात घेऊच नका. चिमट्याच्या आतल्या तारेवर रबर असलेलं बरं, नाहीतर पत्र्यावर ओरखडे पडतात. आणि चिमटा पेटीची मागची बाजू झाकत नाही ना, ते बघा. आवाज तिथूनच बाहेर पडतो, ती झाकली की पेटी कांबळ्यातून बोलल्यासारखी वाटते.

एक गोष्ट बाबांना आधीच सांगून ठेवा. पेटी गळ्यात गेली की ओंजळ उघडझाप करून आवाजाला जी लाट देतो ती जाते. ती मग पोटातून किंवा घशातून काढावी लागते. मला त्याला वर्ष लागलं.


वर्धारोड_७ · १२ एप्रिल, रात्री १०:५१

वाचतेय. माझ्या मामांनाही हाच आजार आहे, त्यामुळे धागा जपून ठेवते.


जुनी_पत्ती · १३ एप्रिल, सकाळी ६:१५

चि. सौ. किंवा चि. कु., जे असेल ते, आशीर्वाद. मी ७४ चा, धरमपेठेत राहतो. तुझ्या बाबांसारखी २४ ची पेटी मीही आयुष्यभर वाजवली. ती होल्डरमध्ये बसवून चार महिने वाजवून पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या पेटीत वरखाली दोन भोकांची एक जोडी असते आणि जोडीत एकच सूर. दोन पत्त्या (हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या), त्यातली एक किंचित चढी. त्या दोघींच्या फरकातून आवाज थरथरतो आणि आपल्याला गोड लागतो. पण एक जोडी फुंकेची, शेजारची ओढीची, अशी रचना असल्यामुळे एका सप्तकाला आठ जोड्या लागतात. मी पट्टी लावून मोजलं, साडेपाच सेंटिमीटरच्या वर भरलं. १० भोकांच्या लहान पेटीत एकाच भोकात फुंकेला एक सूर आणि ओढीला दुसरा. मधलं सप्तक चार भोकांत आटोपतं, म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर.

आता बघ. हातात पेटी असते तेव्हा मान स्थिर आणि पेटी सरकते. गळ्यात पेटी असते तेव्हा पेटी स्थिर आणि मान फिरते. माझी पेटी १७ सेंटिमीटरच्या पुढे आहे. टोकाच्या सुराला जायचं तर मान खांद्याकडे वळवावी लागते, आणि वळली की ओठ पेटीला तिरपे लागतात, हवा निसटते, शेजारचा सूर मिसळतो. मधले दहा-बारा सूर छान वाजतात. वरच्या सप्तकातली तान घ्यायला गेलो की गाणं मोडायचं.

होल्डर गळ्यातच हवा असेल तर बाबांना १० भोकांची पेटी घेऊन द्यावी, हे माझं स्पष्ट मत. वजनही बरंच कमी. सुरुवातीला बोट चुकल्यासारखं होईल, कारण ५० वर्षांची सवय मोडायची आहे. पण सूर कानात असलेल्या माणसाला महिना पुरतो.


चिटणीसपार्कची · १३ एप्रिल, दुपारी १:३०

काका, कुमारी. :-) इतकं मोजूनमापून कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, खूप आभार.

बाबांना वाचून दाखवलं. "आठ जोड्या" ऐकल्यावर त्यांनी पेटी काढून स्वतः मोजल्या आणि म्हणाले, बरोबर आहे त्यांचं. पण २४ ची सोडायची म्हटल्यावर गप्प झाले. ती पेटी आईने घेऊन दिलेली आहे. तिच्यासाठीही काही मार्ग असेल तर हवाय.


फिजिओ_त्रिमूर्तीनगर · १३ एप्रिल, रात्री ८:०५

होल्डर विकत घेण्याआधी थोडं थांबा, प्लीज.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऱ्हुमेटॉइड आमवात फक्त हातापायांच्या सांध्यांत राहतो असं नाही. काही रुग्णांत मानेचे सगळ्यात वरचे दोन मणके जिथे जुळतात तो सांधाही सैल होतो. जुना आजार असेल तर ही शक्यता जास्त. बाहेरून कधीकधी काहीच कळत नाही. अशा मानेवर वजन टांगणं, किंवा मान पुढे काढून जोर लावणं, हे विचारल्याशिवाय करू नये. तुमच्या ऱ्हुमेटॉलॉजिस्टना होल्डरचा फोटो दाखवा आणि सरळ विचारा. बहुधा मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन असे दोन्ही एक्स-रे काढायला सांगतील. हातांत मुंग्या, चालताना तोल जाणं, डोक्याच्या मागच्या भागात दुखणं असं काही असेल तर तेही सांगा.

होल्डर डोक्यावरून घालावा लागतो, म्हणजे दोन्ही हात कानांच्या वर न्यावे लागतात. बाबांचे खांदे तेवढे वर जातात का? आज रात्रीच बघा. उशीचा अभ्रा दोन्ही हातांत धरून डोक्यावरून मागे नेता येतो का, एवढं पाहिलं तरी कळेल.

२४ च्या पेटीबद्दल. जुनी_पत्ती काकांनी जे लिहिलंय त्याच्याच पुढचं सांगते. गळ्यातला होल्डर धडाबरोबर फिरतो, त्यामुळे पेटीवर इकडेतिकडे जायला एकटी मानच उरते. तीच पेटी स्टँडवर, धडापासून वेगळी लावली, तर माणूस कंबरेतून डावीउजवीकडे झुलू शकतो आणि मान सरळ राहते. लांब पेटीसाठी स्टँड, लहान पेटीसाठी गळा. माझ्या दृष्टीने तरी हिशोब असा आहे.


खामल्याचा_गिटारवाला · १३ एप्रिल, रात्री ८:४०

ताईंनी लिहिलेलं मला कधी सुचलंच नसतं. अकरा वर्षं मान दुखली की मी होल्डर बदलत होतो.

स्टँड घ्यायचा तर माइकचा, आडव्या दांडीचा घ्या. लवचिक नळीचा घेऊ नका. नळी माइक पेलते, पण २४ च्या पेटीवर ओठ टेकले की मान टाकते. आडव्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला वजन असेल तर ती तोल धरते. आणि खालचे पाय रुंद पसरणारे बघा.


पुणेकर_क्रोमॅटिक · १४ एप्रिल, सकाळी ११:२०

जरा विषय सोडून विचारतो. माझ्याकडे बटणाची १२ भोकांची क्रोमॅटिक आहे. ती होल्डरमध्ये चालेल का?


जुनी_पत्ती · १४ एप्रिल, दुपारी ४:००

चालेल, पण कोमल-तीव्र सूर बटण दाबून मिळतात आणि ते दाबायला हात हवा. हात गिटारवर असेल तर बटणाची पेटी घेऊन तिची साधी पेटी होते. एक हात मोकळा ठेवणार असाल तर होल्डर घ्या, नाहीतर नको.


मानेवाडा_वर्कशॉप · १४ एप्रिल, रात्री ९:५५

ताई, माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, वाद्यातलं मले काही समजत नाही. पण नटाचं सांगतो.

तुम्ही सारे नट आवळायचं बोलून राहिले. काहून आवळायचा नट रोज? गिटारवाल्या भाऊले होल्डर घडी करून पिशवीत टाकायचा असते, वेगवेगळ्या पेट्या लावायच्या असतात, म्हणून त्याले खोल-बंद पाहिजे. तुमच्या बाबूजींची पेटी एक, गळा एक, खुर्ची एक. एकदा बसवून पाहायचं, अँगल बरोबर आला की विंग नट काढून फेकायचा, त्या जागी दातेरी वायसर आन नायलॉकचा नट लावून पान्यानं कसून द्यायचा. नायलॉकच्या आत नायलॉनची कडी राहते, ते थरथरीनं ढिलं होत नाही. झाला होल्डर एका तुकड्याचा. बाबूजीले फक्त घालायचा आन काढायचा. इतवारीत कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात भेटते, जुना बोल्ट सोबत घेऊन जा म्हणजे आटे जुळतीन.

आन जो भाग हातानंच फिरवायचा आहे, तिथं विंग नट नको, मोठा गोल नॉब लावा. कुलरच्या स्टँडले, कॅमेऱ्याच्या स्टँडले राहते तसा. तळहातानं ढकलला तरी फिरते, बोटांच्या चिमटीचं काम नाही.

होल्डर घेऊन घ्या आन माझ्याकडे आणा. वेल्डिंग लागलं तर करून देतो. पैशाचं बोलू नका.


खामल्याचा_गिटारवाला · १४ एप्रिल, रात्री १०:३०

भाऊ, एकदम बरोबर. यावरून सांगतो, इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासात ज्यांचं नाव फार मोठं आहे ते लेस पॉल, १९१५ चा जन्म, त्यांनी लहान वयात स्वतःच गळ्यातला होल्डर बनवला होता, पेटी उलटी करून दुसरी बाजूही वाजवता येईल असा. अमेरिकन गायक बॉब डिलनच्या फोटोंमुळे ही वस्तू जगाला ओळखीची झाली, पण लेस पॉलनी ती घरीच बनवली होती. आपल्या माणसाच्या मापाने बदलून घ्यायला हरकत कसली!


वर्धारोड_७ · १५ एप्रिल, सकाळी ९:१०

एक भर घालते. बहुतेक होल्डरवर निकेलचा मुलामा असतो. मला निकेलची ॲलर्जी आहे, नकली कानातल्यांनी कान चिघळतात. भावाचा होल्डर एका संध्याकाळी गंमत म्हणून घातला तर गळपट्टीवर लाल चट्टा उठला. मे महिन्यात घाम येणारच. बाबांना घड्याळाच्या पट्ट्याने कधी खाज आली असेल तर कमानीवर सुती दुपट्ट्याची पट्टी गुंडाळून शिवून टाका. धुवायला काढता येईल अशी शिवा.


चिटणीसपार्कची · २ मे, रात्री १०:१५

उशीर झाला, माफ करा. बरंच काही झालंय, सगळं सांगते.

आधी डॉक्टर. फिजिओताई, तुमचा प्रतिसाद छापून नेला होता. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, चांगलं झालं विचारलंत. वाकवून आणि मागे नेऊन, दोन्ही एक्स-रे काढले. तो वरचा सांधा ठीक आहे, पण खालच्या मणक्यांत वयाप्रमाणे झीज आहे. परवानगी मिळाली ती अशी: हलकी पेटी, एका वेळी १५ मिनिटं, मान पुढे काढायची नाही, दुखलं की बंद. तुम्ही लिहिलं नसतं तर मी होल्डर घेऊन मोकळी झाले असते. हे माझ्या मनातून जात नाही.

अभ्र्याची परीक्षा बाबा नापास झाले. हात कानापर्यंत जातात, पुढे नाही. म्हणजे होल्डर एकट्याने घालणं जमणार नव्हतं.

तरीही होल्डर घेतला. ऑनलाइन, सहाशेच्या आसपास. खामल्याच्या दादांनी सांगितलेली परीक्षा घरी घेतली आणि पेटी सरळ हनुवटीवर आली. परत करणार होते, पण मानेवाड्याच्या दादांनी फोटो पाहून सांगितलं, परत करू नका, चिमटा चांगला आहे, सांधा मी बघतो. रविवारी बाबांना घेऊनच गेले. दादांनी बाबांना खुर्चीत बसवलं, होल्डर घातला आणि पाऊण तास नुसता अँगल बघत होते. बाबांना सांगत होते, तुम्ही हलू नका, पेटी तुमच्याकडे आली पाहिजे. हनुवटी जमिनीला समांतर, नजर समोर, ओठ उघडले की पेटी तिथे. मग नट कसले. कमानीची मागची बाजू थोडी उघडी करून खांद्यांवर टेकेल अशी वाकवली, त्यामुळे भार मानेवर न येता दोन्ही खांद्यांवर येतो. बाबांनी मान हलवली. पेटी हलली नाही.

पेटी १० भोकांची घेतली, प्लास्टिकच्या कंगव्याची, म्हणजे मधला भोकांचा भाग प्लास्टिकचा. लाकडी घेणार होते, पण घरात आता जूनपर्यंत कुलर चालणार आणि कुलरच्या ओल्या हवेत लाकूड फुगतं, असं जुनी_पत्ती काकांनी फोनवर सांगितलं.


फिजिओ_त्रिमूर्तीनगर · २ मे, रात्री १०:४०

डोळ्यांत पाणी आलं वाचून. एक्स-रे ठीक आले हे फार बरं झालं. सकाळी सांधे आखडलेले असतात तेव्हा नको, दुपारनंतरच वाजवू द्या. खुर्चीला पाठ टेकलेली आणि पाय जमिनीवर. या आजारात काहींचं तोंड कोरडं पडतं, ओठ पेटीला चिकटून सोलवटतात. शेजारी पाण्याचा पेला ठेवा.


खामल्याचा_गिटारवाला · ३ मे, सकाळी ८:००

१० ची पेटी चिमट्यात बसवल्यावर एकेक सूर सावकाश वाजवून बघा. चिमट्याचा दाब जास्त असेल तर वरचा पत्रा आत दबतो आणि खालच्या सुरांच्या लांब पत्त्या त्याला लागून झर्र असा आवाज येतो. लोकांना वाटतं पेटीच खराब निघाली.


चिटणीसपार्कची · ३ मे, दुपारी २:२०

दादा, तोच आवाज येत होता!! १ आणि २ च्या भोकाला. मी काल रात्री पेटी परत करायचा अर्ज भरून ठेवला होता. चिमटा बोटभर मागे सरकवला, गेला आवाज. अर्ज रद्द.


जुनी_पत्ती · ३ मे, संध्याकाळी ७:३०

बाबांसाठी सूर लिहून देतो, मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लाव. सी ची पेटी म्हणजे पांढरी एकचा सा धरून. आकडा म्हणजे भोक.

सा ४ फुंक, रे ४ ओढ, ग ५ फुंक, म ५ ओढ, प ६ फुंक, ध ६ ओढ. इथे सांभाळ: नी ७ ओढ आणि वरचा सा ७ फुंक. सहाव्यापर्यंत आधी फुंक मग ओढ असा क्रम आहे, सातव्यात तो उलटतो. २४ वर हात बसलेला प्रत्येक माणूस इथे अडतो. मी तीन आठवडे अडलो होतो. नी-सा, नी-सा, एवढंच रोज दहा मिनिटं वाजवायला सांग.

खालच्या सप्तकात मंद्र म आणि ध साध्या फुंक-ओढीने मिळत नाहीत, तशी या पेटीची रचनाच आहे. वरच्या सप्तकात नी मिळत नाही. श्वास ओढता ओढता जीभ मागे घेऊन सूर खाली वाकवून ते म आणि ध काढतात, पण त्याला ओठांची पकड पक्की हवी. सध्या ती गाणी बाजूला ठेव.


मानेवाडा_वर्कशॉप · ५ मे, रात्री ९:००

ताई, बाबूजींच्या मोठ्या पेटीचं काय झालं? स्टँड घेतला का? घेतला असन तर आणा.


चिटणीसपार्कची · १९ मे, रात्री ९:३०

दादांनी परवा येऊन ते कामही करून दिलं, स्वतः घरी आले, ४५ अंशांत.

माइकचा आडव्या दांडीचा स्टँड घेतला होता. त्याच्या टोकाला दादांनी ॲल्युमिनियमची पट्टी लावली, पेटीच्या लांबीची, आत फोमची टेप. २४ ची पेटी मागच्या कडेवर त्यात बसते आणि दोन रुंद इलास्टिकच्या पट्ट्या टोकांवरून येतात. आवाजाची मागची बाजू मोकळी राहावी म्हणून पट्टीला खिडक्या कापल्या. दांडी वरखाली करायला तळहाताएवढा नॉब. स्टँड बाबांच्या खुर्चीच्या उजव्या हाताशी कायमचा उभा असतो. ते बसतात, कोपराच्या पुढच्या भागाने दांडी समोर ओढतात, झालं. घालायचं नाही, काढायचं नाही, उचलायचं नाही.

पहिल्या दिवशी पेटी स्थिर आणि आपण झुलायचं हे जमेना. सवयीने हात वर जायचे. मग डोळे मिटून बसले आणि कंबरेतून हलायला लागले, देवळात भजनाला बसलेला माणूस हलतो तसे. खालच्या सुरांपासून वरच्यापर्यंत एका श्वासात गेले. थांबले. मला म्हणाले, "कुलर बंद कर." मी केला. अर्धा तास वाजवलं त्या उकाड्यात. (फिजिओताई, मी घड्याळ बघत होते. मध्ये दोनदा थांबवलं.) हात मांडीवर होते, पूर्ण वेळ.

गळ्यातला होल्डर संध्याकाळसाठी. मी आले की घालून देते, वरच्या गच्चीत जातो. त्यात लहान पेटी. आधी ती त्यांना आवडत नव्हती, "खेळणं आहे" म्हणायचे. आता गच्चीत शेजारची दोन मुलं येऊन बसतात, आणि सातव्या भोकाशी अडलं की मुलंच ओरडतात, "आजोबा, ओढ!"


वर्धारोड_७ · १९ मे, रात्री ९:५०

माझ्या मामांना हा धागा आत्ताच वाचून दाखवला. ते तबला वाजवायचे, त्यामुळे होल्डरचा उपयोग नाही, पण एक्स-रेचं विचारायला उद्याच डॉक्टरांकडे जातोय.


खामल्याचा_गिटारवाला · १९ मे, रात्री १०:१०

ती ॲल्युमिनियमच्या पट्टीची कल्पना मी उचलतोय. फोटो टाका ना, मागच्या बाजूचा, खिडक्या दिसतील असा.


चिटणीसपार्कची · ८ जून, सकाळी ७:४५

फोटो वर टाकलेत, तिन्ही बाजूंचे. दुपट्ट्याची पट्टीही दिसते बघा, दोन शिवल्यात, एक धुवायला.

आता बाबांचा निरोप, जुनी_पत्ती काकांसाठी, त्यांच्याच शब्दांत: "लहान पेटीवर सगळं आलं, पण खालचा ध नाही म्हणून माझी निम्मी गाणी लंगडतात. वाकवून काढायला ओठ साथ देत नाहीत. याला काही उपाय असेल तर सांगा, आणि घरी या."


जुनी_पत्ती · ८ जून, सकाळी ८:२०

उपाय आहे. पॅडी रिश्टर नावाची जुळवणी मिळते. त्यात ३ च्या भोकाची फुंक प ऐवजी ध ची असते, आणि मंद्र प २ च्या ओढीत आहेच, म्हणजे काही गमावत नाही. बाकी सगळी पेटी जशीच्या तशी. घेताना जी ची घे, पांढरी पाच. नेहमीच्या पट्ट्यांत हीच सर्वांत खालची, आवाज भरदार, आणि बाबांच्या २४ च्या गोडव्याला ती जवळची वाटेल. मापही तेच, त्यामुळे मानेवाड्याच्या भाऊंनी कसलेले नट सोडावे लागणार नाहीत. खालच्या पत्त्या जी मध्ये आणखी लांब हलतात, तेव्हा चिमटा पत्र्यावर दाबू नकोस.

रविवारी चारला येतो. माझी २४ घेऊन येतो. स्टँडवर दुसरी पेटी बसेल एवढी जागा आहे का, ते बाबांना विचारून ठेव.